पन्नास पिनांना हळद

देशाचं नाव मी लिहिणार नाही. गुप्ततेच्या कागदावर माझी सही आहे, आणि सही केली की निभावायची, एवढं तरी माहेरानं शिकवलंय. तुम्हाला ओळखायचं तर ओळखा. आमच्या वर्कशॉपबाहेरच्या चहाच्या टपरीवर रोज नवा देश निघायचा आणि रोज त्यावर पैजा लागायच्या. आम्हाला एवढंच सांगितलं होतं की मित्रदेश आहे, तिकडे लढाई सुरू आहे, आणि त्यांचे पूल उडवलेत.

मी भिलाईच्या एका खासगी वर्कशॉपमध्ये माल तपासायचं काम करते. वीसेक वर्षं झाली. माहेर वर्ध्याचं, सासर इथलंच, सेक्टर दहामधलं. सासरे पोलादाच्या प्लांटमध्ये नोकरीला होते. आता आम्ही स्मृतीनगरात राहतो. सासरे रशियन इंजिनिअरांच्या हाताखाली काम शिकले होते आणि ते मरेपर्यंत आम्हाला ऐकवायचे, ‘‘पोरी, हे गावच दुसऱ्या देशाच्या मदतीनं उभं राहिलं. लोकाइनं आपल्याले दिलं, आता आपण कोणाले तरी देऊ.’’ तेव्हा मला वाटायचं, म्हाताऱ्यांना बोलायला लागतं काहीतरी.

आपल्या सरकारनं त्या देशाला जे काय द्यायचं कबूल केलं होतं, त्यात औषधं होती, गहू होता, उधारी होती आणि जोडून उभे करायचे लोखंडी पूलही होते. टीव्हीवर टाय लावलेली माणसं ओरडायची, ‘भारत मित्रासोबत ठाम उभा आहे.’ अरे बाबा, उभा आहे म्हणजे कुठं उभा आहे? मी सांगते. पत्र्याच्या शेडखाली उभा आहे, भट्टीसमोर, घामानं चिकटलेल्या बनियनवर, आणि दुपारच्या डब्यात त्याच्या फक्त भात आणि टमाट्याची चटणी आहे.

खरं बोलायचं तर त्या ऑर्डरनं आम्हाला वाचवलं. त्याआधीचे पाच-सहा महिने आठवड्यातले तीनच दिवस काम मिळायचं. शेठजी हिशेबाच्या खोलीतून बाहेरच यायचे नाहीत. मग ही ऑर्डर आली आणि तिन्ही शिफ्टा सुरू झाल्या. त्यांच्याकडे आग लागली म्हणून आमच्याकडे चूल पेटली. हे मला टोचायचं. पण टोचतं म्हणून कुणी जेवण सोडत नाही, मीही सोडलं नाही.

आमच्या वाट्याला आल्या होत्या पिना. कागदाला लावायची पीन नव्हे, बापा! मनगटाएवढी जाड आणि वीतभर लांब पोलादी खुंटी. पुलाचे मोठमोठे सांगाडे एकमेकांना या पिनांनीच जोडायचे. पूल कितीही भक्कम असो, सगळा भार शेवटी पिनेवर येतो. पिना तापवून तेलात बुडवल्या की पोलाद कडक होतं. पण नुसतं कडक पोलाद कामाचं नाही, ताण आला की काचेसारखं फुटतं. म्हणून ते दुसऱ्यांदा मंद आचेवर भाजायचं, त्याला थोडं नमवायचं. याला टेंपरिंग म्हणतात. माझा नवरा म्हणतो, तुझं तेवढं राहून गेलं.

टेंपरिंग झालं, मी तपासलं आणि पास केलं, की पिनेच्या डोक्यावर पिवळ्या रंगाचा ठिपका. नापास असेल तर लाल, म्हणजे भंगार. पॅकिंगवाल्यांना वाचायला काही लागत नाही, पिवळं दिसलं की उचलायचं आणि खोक्यात भरायचं.

त्या देशाचा एक इंजिनिअर माल बघायला आला होता. चाळिशीचा, हडकुळा, कमी बोलणारा. त्याचं इंग्रजी मोडकं, माझं त्याहून मोडकं, म्हणून आमचं छान जमायचं. मी त्याला पोहे खायला घातले, तर्री न घालता. पहिल्याच दिवशी त्यानं मला ठिपक्यांचा अर्थ विचारला आणि मी मास्तरणीसारखा समजावून सांगितला. मग त्यानं फोनवर एक फोटो दाखवला. नदी होती आणि नदीत पडलेला पूल. त्याचं गाव अलीकडे, बायको आणि दोन मुली पलीकडे. मुलींना घेऊन बायको माहेरी गेली आणि दुसऱ्या दिवशी पूल गेला. सात महिने झाले, नुसता फोन. ‘‘तुमचा पहिला पूल इथं लागणार,’’ तो म्हणाला. त्या दिवसापासून मी प्रत्येक पीन दोनदा तपासायला लागले. आधी आम्ही ऑर्डर बनवत होतो, आता याच्या पोरींचा रस्ता बनवत होतो.

आणि मग मीच घोळ घातला.

भिलाईत विश्वकर्मा पूजा दणक्यात होते, मूर्ती, डीजे, भंडारा, सगळं. खंडेनवमी मात्र आम्हा मराठी लोकांची. दसऱ्याच्या आदल्या दिवशी अवजारांची पूजा करायची आणि त्या दिवशी अवजार चालवायचं नाही. आमचे फोरमन कामठीचे. मला ताई म्हणतात, वयानं माझ्याहून सहा वर्षांनी मोठे असून. ते म्हणाले, ‘‘ताई, यंदा पूजा जोरात करू. लढाईचा माल करून राहिलो आपण, यंदाची नवमी खरी नवमी हाय.’’ शेठजींनी अर्धा दिवस भट्ट्या बंद ठेवायला परवानगी दिली, तीही तोंड वाकडं करून.

सकाळी मी घरून पूजेचं ताट घेऊन गेले. भट्टीला, प्रेसला, लेथला हळद-कुंकू लावलं, झेंडूची माळ घातली. टेंपरिंगच्या भट्टीशेजारी एक ट्रे थांबलेला होता. पन्नास पिना, कडक झालेल्या, अजून नमवायच्या. भट्टी बंद, म्हणून थांबलेल्या. फोरमन म्हणाले, ‘‘याइले पण लावा ना.’’

आता माझी हुशारी ऐका. मी म्हटलं, ‘‘कुंकू नको हं! लाल दिसलं तर पोरं भंगारात फेकतील.’’ सगळे हसले. मग मी म्हटलं, पाण्यात कालवलेली हळद लावली तर पोलादाला गंज चढेल. म्हणून मी हळद तेलात कालवली. तेलातली हळद अशी काही छान चिकटली की विचारू नका. आणि लावली ती पन्नासच्या पन्नास पिनांना. हळदीकुंकवाला आलेल्या एका बाईला लावायचं आणि दुसरीला वगळायचं, हे आपल्यात चालतं का? मी एकेकीच्या डोक्यावर बोट टेकवत गेले, मनात त्या दोन पोरींसाठी काहीबाही म्हणत. मला स्वतःचं इतकं कौतुक वाटलं! लालचा विचार केला, गंजाचा विचार केला. पिवळ्याचा विचार माझ्या बापजन्मात आला नाही.

दुपारी आम्ही पेढे खाऊन घरी गेलो. पॅकिंगवाले ठेकेदाराचे. त्यांना नवमी नाही, सुट्टी नाही, त्यांचं काम हाताचं, अवजार नाही. ते दुपारी आले.

दसऱ्याची सुट्टी झाली. दुसऱ्या दिवशी सकाळी आठला मी कामावर गेले, भट्टीपाशी पोचले, तर ट्रे रिकामा. मला वाटलं, टेंपरिंगला लावला असेल. भट्टी उघडली, आत दुसराच माल. भट्टी चालवणारा आमचा जुना माणूस, जामुलचा छत्तीसगढी, तंबाखू मळत उभा होता. त्याला विचारलं, ‘‘तो ट्रे कुठंय?’’

तो म्हणाला, ‘‘ओ तो हो गे हे मैडम. पिंवरा लगे रिहिस न, पैकिंगवाला मन ले गिन.’’

पिवळं लागलेलं होतं, म्हणून पॅकिंगवाले घेऊन गेले. माय वो!  मी तिथल्या लोखंडी स्टुलावर बसले आणि पहिल्यांदा त्याच्यावर ओरडले, मग फोरमनवर ओरडले. माझं असंच आहे, चूक माझी असली की आवाज जास्त चढतो.  मग फोरमन हळूच म्हणाले, ‘‘ताई, ओरडून काय होते? ट्रक सातला निघाला. रायपूरले जाऊन राहिला.’’

रायपूरजवळच्या डेपोत खोकी कंटेनरमध्ये चढतात आणि कंटेनरला सील लागतं. सील लागलं की तो उघडायला किती साहेबांच्या सह्या लागतात देव जाणे, आणि तिकडे बंदरात बोट उभी असते. ड्रायव्हरला फोन लावला, उचलेना. पुन्हा लावला, उचलेना. फोरमननी मोटारसायकल काढली आणि मी, पन्नाशी उलटलेली बाई, साडी खोचून मागे बसले. चरोदा गेलं, ट्रकच ट्रक, आमचा नाही. मी मागून प्रत्येक ट्रकचा नंबर मोठ्यानं वाचत होते आणि फोरमन म्हणत होते, ‘‘ताई, माझ्या कानात कावून ओरडून राहिल्या? मले दिसते.’’

कुम्हारीच्या अलीकडे एका ढाब्यावर सापडला. ड्रायव्हर खाटेवर बसून निवांत आलूगुंडा, म्हणजे आपला बटाटेवडा, खात होता. फोन ट्रकमध्ये चार्जिंगला. दुसऱ्या कुठल्याही दिवशी या आळशीपणाबद्दल मी त्याला फाडून खाल्लं असतं. त्या दिवशी त्याच्या आलूगुंड्याचे पैसे मी दिले.

ट्रक परत आला, खोकी उतरवली. पण पन्नास पिना काही एका खोक्यात नव्हत्या. पॅकिंगवाल्यांनी चार ट्रेमधून हाताला येईल तशा उचलल्या होत्या, वर गंज लागू नये म्हणून तेलात बुचकळल्या होत्या. रंगाचे ठिपकेही तेलकट पिवळे, हळदीचेही तेलकट पिवळे. फोरमन एकेक पीन नाकाशी नेऊन हुंगायला लागले. ‘‘नुसता ऑइलचा वास येते,’’ म्हणाले, आणि शिंकले. एकेक पीन मशीनवर तपासायची म्हणजे दोन दिवस, आणि शेठजींनी डेपोतून संध्याकाळपर्यंतचीच मुदत मिळवली होती.

तेवढ्यात भट्टीवाल्यानं एक पीन उचलून बाजूला ठेवली आणि तो आपल्या बोटाकडे बघत राहिला. बोट लाल झालं होतं. तंबाखूसाठी घेतलेला चुना बोटाला होता, तो पिवळ्याला लागला होता. ‘‘देख मैडम, लाल होगे!’’

अगं बाई! हळदीला चुना लागला की लाल होणारच. कुंकू तसंच तर करतात, माझ्या आजीपासून सगळ्यांना ठाऊक. रंगाला चुना लावा नाहीतर काही लावा, तो पिवळाच राहणार. पाच मिनिटांत सगळ्या शेडमधल्या चुन्याच्या डब्या माझ्यासमोर जमा झाल्या. जन्मभर मी ज्या तंबाखूवरून त्यांना शिव्या घातल्या, त्याच तंबाखूच्या डब्या. आम्ही दहाबारा जण रांगेत बसलो आणि पिनांना बोट लावत सुटलो. पिवळी राहिली, तिकडे. लाल झाली, इकडे. प्रत्येक लाल पिनेला फोरमन कानस लावून खात्री करायचे. नमवलेल्या पोलादावर कानस पकडते, कडक पोलादावरून घसरते. एकही चुकली नाही. दोन वाजेपर्यंत सगळी खोकी संपली.

मोजल्या. एकोणपन्नास.

पुन्हा मोजल्या. पुन्हा एकोणपन्नास. ट्रक झाडला, खोक्यातला भुसा उपसला, पॅकिंगच्या टेबलाखाली मी स्वतः रांगले. पीन नाही.

शेठजी म्हणाले, ‘‘मैडम, एक ही तो है. कहीं गिर गई होगी. नई डाल दो, गिनती पूरी करो, गाड़ी निकालो.’’ आणि मग जवळ येऊन, हळू आवाजात, ‘‘साहब को मत बताना. ऑर्डर गई तो चालीस घर बैठ जाएंगे.’’

ते वाईट माणूस नाहीत. चाळीस घरांत माझंही एक होतं. पण एक पीन म्हणजे किती? पुलाला एकच पीन फुटावी लागते. ती खरंच कुठं पडली असती तर गोष्ट वेगळी, पण ती दुसऱ्या एखाद्या गाडीतून गेली असेल तर? कुणी उचलून भलतीकडे ठेवली असेल तर? मी शेठजींना म्हटलं, ‘‘मालाच्या कागदावर सही माझी जाते. पीन सापडत नाही तोवर मी सही करणार नाही, आणि साहेबांना मी सांगणार.’’ त्यांनी ड्रायव्हरला हातानं थांबायची खूण केली. मग म्हणाले, ‘‘जाइए. आप रुकेंगी थोड़े ही.’’

तो इंजिनिअर आमच्याच स्मृतीनगरातल्या एका गेस्टहाऊसवर उतरला होता. दुसऱ्या दिवशी पहाटे निघणार होता, बॅग भरत होता. रिक्षात मी सगळी वाक्यं इंग्रजीत जुळवत गेले आणि त्याला समोर बघितल्यावर सगळी विसरले. मी सरळ सांगत सुटले. पूजा, हळद, ट्रक, चुना, एकोणपन्नास. हळद म्हणजे काय ते सांगायला गेस्टहाऊसच्या स्वयंपाकघरातून डबा आणून दाखवला. सांगताना मला रडू येत होतं आणि त्या रडण्याचा रागही येत होता. शेवटी म्हटलं, ‘‘एक पीन सापडत नाहीये. चूक माझी आहे. तुमच्या पुलाची पीन आहे, म्हणून तुम्हाला माहीत पाहिजे.’’

 भरलेली बॅग त्यानं पुन्हा उघडली. कपड्यांच्या मधून एक लोकरी मफलर काढला आणि उलगडला.

आत पीन होती. डोक्यावर पिवळा ठिपका.

नवमीच्या दुपारी तो वर्कशॉपला चक्कर मारायला गेला होता. पॅकिंगवाल्यांना विचारून त्यानं एक घेतली होती, मोजणीत ती नंतर धरू, असं त्यांना सांगून. ‘‘पिवळा म्हणजे पास, तुम्हीच शिकवलं होतं,’’ तो म्हणाला. आवाजात राग नव्हता, तेच मला जड गेलं. मग म्हणाला, ‘‘पूल उभा राहील तेव्हा पहिली पीन माझ्या हातानं बसवणार होतो. ही. आणि त्यावरून पहिल्यांदा माझ्या मुली येणार होत्या.’’

मी शेडमधून बरोबर आणलेल्या डबीतला चुना काढून त्या ठिपक्यावर बोट टेकवलं. तो आमच्या दोघांच्या डोळ्यांदेखत लाल झाला. इंजिनिअर खुर्चीत बसला.

मग उठला आणि म्हणाला, ‘‘चला. मला बघायचंय.’’

शेडमध्ये सगळे थांबले होते. कुणी घरी गेलं नव्हतं. मी पीन प्रेसखाली दोन ठोकळ्यांवर आडवी ठेवली, सगळ्यांना जाळीमागे उभं केलं. खरं तर हे फोरमनचं काम, पण ते म्हणाले, ‘‘ताई, तुम्हीच करा.’’ मी दांडा ओढला. चांगली पीन असती तर वाकली असती, कण्हत कण्हत वाकली असती. ही नाही वाकली. फटाक्यासारखा आवाज झाला आणि दोन तुकडे जाळीवर आदळले.

वीस वर्षं माल तपासते मी. आपला माल फुटलेला बघून मला कधी आनंद झाला नव्हता. त्या दिवशी मी तिथंच जमिनीवर बसले आणि हसायला लागले आणि रडायला लागले, दोन्ही एकदम. फुटली बाई! इथं फुटली, भिलाईत फुटली, आमच्या जाळीत फुटली. शेठजी डोळे पुसत होते आणि भट्टीवाल्याला उगाच झापत होते. त्या इंजिनिअरनं माझ्यासमोर पाण्याचा ग्लास धरला.  तो शेठजींना म्हणाला की ऑर्डर तशीच राहील, फक्त उरलेली प्रत्येक पीन त्याच्यासमोर तपासायची, म्हणून तो आणखी चार दिवस थांबेल. डेपोतल्या मुदतीचं तो स्वतः बघतो म्हणाला.

त्या एकोणपन्नास पिना संध्याकाळी भट्टीत गेल्या आणि दुसऱ्या दिवशी बाहेर आल्या. मी एकेक तपासली, तोही शेजारी उभा राहून एकेक बघत होता. संपल्यावर त्यानं हात पुढे केला आणि म्हणाला, ‘‘आता एक चांगली द्या.’’

मी त्यातलीच एक, भट्टीतून सगळ्यात शेवटी निघालेली, निवडली, पुन्हा एकदा तपासली आणि त्याच्या हातात ठेवली. ती अजून चांगलीच गरम होती. मी म्हटलं, थांबा, निवू द्या. तो नाही म्हणाला आणि मूठ आवळून तसाच उभा राहिला.